आसन्न आणि निःशेष : एका तेविसाव्या मुळाची गोष्ट

१९७७ साली अमेरिकेतील डॅलस येथे, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात, शकुंतलादेवींनी २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ मनातल्या मनात काढले. त्यांना ५० सेकंद लागले. उत्तर होते ५४,६३,७२,८९१. यूनिवॅक संगणकाला त्याच गणितासाठी ६२ सेकंद लागले आणि त्याकरिता खास आज्ञावली लिहावी लागली, असे वृत्तांत सांगतात. या दोन आकड्यांमधील बारा सेकंदांचे अंतर तेव्हापासून आपल्या सांस्कृतिक स्मृतीचा भाग झाले आहे. २०१३ साली शकुंतलादेवींचे निधन झाले तेव्हाच्या मृत्युलेखांत ते होते. यंत्रावर मात करणारी भारतीय स्त्री हे त्या कथेचे मध्यवर्ती रूपक आहे आणि रूपक म्हणून ते निःसंशय प्रभावी आहे.

परंतु कोणतेही लोकप्रिय रूपक काही प्रश्न उजेडात आणते, तर काही अंधारात ढकलते. ५० आणि ६२ या आकड्यांची तुलना करताना आपण गृहीत धरतो की दोन्ही बाजूंनी एकच काम केले गेले. 'मूळ काढणे' हे खरोखर एकच काम आहे काय? की त्या एका क्रियापदाखाली दोन निरनिराळी कामे, दोन निरनिराळ्या ज्ञानपरंपरा नांदत आहेत? घड्याळ काळ मोजते. त्या काळात नेमके काय घडले, हे सांगणे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. प्रस्तुत लेखात त्या तेविसाव्या मुळाच्या निमित्ताने या दोन परंपरांचा मागोवा घ्यायचा आहे.

या दोहोंना नावे देण्यासाठी परक्या परिभाषेकडे जाण्याची गरज नाही. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या 'आर्यभटीया'च्या गणितपादात आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिघ ६२,८३२ दिला आणि त्याला 'आसन्न' हे विशेषण लावले. आसन्न म्हणजे जवळ बसलेला, निकटचा. हजार वर्षांनंतर केरळातील नीलकंठ सोमयाजी याने आपल्या भाष्यात प्रश्न उपस्थित केला, की वास्तव मान सोडून आसन्न मान का सांगितले? त्याचे उत्तर असे, की व्यास आणि परिघ एकाच मापाने निःशेष मोजता येत नाहीत. म्हणून वास्तव मान सांगणे शक्यच नाही. येथे आसन्नता ही गणितज्ञाची हयगय ठरत नाही. ती विषयाच्या स्वभावातूनच येते आणि ती नोंदवणे हा प्रामाणिकपणा ठरतो.

त्याच गणितपादाच्या चौथ्या आणि पाचव्या श्लोकांत आर्यभट वर्गमूळ आणि घनमूळ काढण्याच्या रीती सांगतो. वर्गमुळाची रीत आपल्या परिचयाची आहे. शाळेत एककापासून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून, वरच्या जोडीपासून भागाकाराने जे वर्गमूळ आपण काढीत असू, ती मूलतः हीच रीत. तीत प्रत्येक पायरीवर उत्तराचा एक अंक निश्चित होतो आणि पुन्हा बदलावा लागत नाही. शेवटी बाकी शून्य उरली तर संख्या पूर्ण वर्ग आहे, हे सिद्धच झाले. बाकी उरली तर ती किती, हेही कळले. या रीतीत संख्येचा एकही अंक न वाचता सोडता येत नाही. ही निःशेष परंपरा.

तिच्या शेजारीच दुसरी परंपरा होती. शुल्बसूत्रांत दोनाचे वर्गमूळ ५७७/४०८ या अपूर्णांकाइतके येते. पेशावरनजीकच्या बख्शाली गावी १८८१ साली सापडलेल्या आणि आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात असलेल्या हस्तलिखितात पूर्ण वर्ग नसलेल्या संख्यांच्या मुळाचे सूत्र आहे. जवळचा पूर्ण वर्ग घ्या, उरलेल्याला दुपटीने भागा, मग झालेल्या चुकीची एकदा दुरुस्ती करा, असा त्याचा आशय आहे. पुढे युरोपात न्यूटनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीच्या दोन पायऱ्या आणि बख्शालीचे हे सूत्र बीजगणिताच्या दृष्टीने एकच आहेत. येथे उत्तर अंकाअंकाने पक्के होत जात नाही. अंदाज आणि दुरुस्ती अशा फेऱ्यांनी ते सत्याच्या निकट सरकते. ही आसन्न परंपरा.

१६१४ साली जॉन नेपियरने लघुगणक प्रसिद्ध केले आणि आसन्न परंपरेला अपूर्व वेग लाभला. मूळ काढणे म्हणजे आता लघुगणकाला भागणे एवढेच उरले. संगणकातील फ्लोटिंग-पॉइंट ही अंकनपद्धती याच घराण्यातली. तीत संख्येचे आघाडीचे काही अंक जपले जातात आणि दशांशचिन्हाची जागा स्वतंत्रपणे नोंदली जाते. कोनराड त्सुझेच्या १९४१ सालच्या झेड-३ या यंत्रात ही पद्धती होती. प्रत्येक कंपनीच्या यंत्रात तिचे नियम वेगवेगळे असत; विल्यम काहान यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये 'आयईईई ७५४' हे मानक आले आणि त्या अराजकाला शिस्त लागली. या मानकातील नेहमीच्या वापराच्या 'डबल' प्रकारात संख्येचे ५३ बिट जपले जातात, म्हणजे दशमानात साधारण १५ ते १६ अंक. त्यापुढचे सारे अंक गळून पडतात.

ते गळणे किती निःशब्द असते, याचे एक लहानसे उदाहरण पाहू. ९,४९,०६,२६७ या संख्येचा वर्ग करा आणि त्यातून एक वजा करा : ९,००,७१,९९,५१,५८,७५,२८८ ही सोळा अंकी संख्या मिळते. ती पूर्ण वर्ग नाही, हे उघड आहे. तिच्या वर्गमुळाचा पूर्णांक भाग ९,४९,०६,२६६ असायला हवा. परंतु फ्लोटिंग-पॉइंट पद्धतीने वर्गमूळ विचारले तर उत्तर येते बरोबर ९,४९,०६,२६७. दशांशचिन्हापुढे नुसती शून्ये! यंत्र बिघडलेले नाही. खरे मूळ त्या पूर्णांकाच्या इतके निकट आहे, की दोहोंच्या मधली जागा दाखवण्याची सोयच त्या अंकनात नाही, आणि मानकाने घालून दिल्याप्रमाणे यंत्राने उपलब्ध संख्यांपैकी निकटतम संख्या दिली. त्याने 'आसन्न' उत्तर दिले. ते 'निःशेष' समजून वाचणारा फसला. आर्यभटाने ते विशेषण आवर्जून जोडले होते, यंत्र ते जोडीत नाही, एवढाच फरक.

आता डॅलसच्या त्या संख्येकडे वळू. २०१ अंक म्हणजे द्विमानात ६६८ बिट. डबलमध्ये त्यांपैकी ५३ शिल्लक राहतील, ६१५ टाकून दिले जातील. म्हणजे संख्येचा नऊ-दशांशाहून अधिक भाग न वाचताच मूळ काढले जाईल. तरीही येथे उत्तर अचूक येते. ९ अंकी मुळात एकाचा फरक पडला तर त्याच्या तेविसाव्या घातात सुमारे अडीच कोटींत एक इतका सापेक्ष फरक पडतो. तो ओळखायला संख्येचे आघाडीचे नऊ अंक पुरतात. बाकी १९२ अंक उत्तर शोधण्याच्या कामी अनावश्यक आहेत.

याहून विलक्षण गोष्ट संख्येच्या दुसऱ्या टोकाला आहे. डॅलसची संख्या ७७१ या अंकांनी संपते. ज्या विषम संख्येला पाचाने भाग जात नाही, तिच्या तेविसाव्या घाताचे शेवटचे दोन अंक तिच्या घनाच्या शेवटच्या दोन अंकांइतकेच असतात. म्हणून प्रश्न उरतो, कोणत्या दोन अंकी संख्येचा घन ७१ ने संपतो? अशी एकच संख्या आहे : ९१, तिचा घन ७,५३,५७१. असेच एक अंक पुढे गेल्यास मुळाचे शेवटचे तीन अंक ८९१ हेच असू शकतात, दुसरे कोणतेही नाहीत. किंबहुना संख्येच्या शेवटच्या नऊ अंकांवरून मुळाचे नऊच्या नऊ अंक निश्चित होतात. मात्र ही संख्या पूर्ण तेविसावी घात आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

ही दोन टोके एकत्र आणली की अवघड डोंगर अचानक ठेंगणा होतो. त्या संख्येचा पाच दशांशस्थळांपर्यंतचा लघुगणक २००.९६२२५ आहे. त्याला २३ ने भागले की ८.७३७४८९१ येतात आणि त्यांवरून मूळ ५४,६३,७२,८७५ च्या आसपास पडते. पाच स्थळांच्या मर्यादेमुळे होणारी चूक धरूनही फार तर तीनशेच्या अंतरात. शेवट ८९१ असायला हवा, हे दुसऱ्या टोकाने आधीच सांगितले आहे. मग या टापूत उत्तर एकच उरते : ५४,६३,७२,८९१. पुढून आसन्न परंपरा आली, मागून निःशेष अवशेषगणित आले आणि मधल्या जवळजवळ १९० अंकांकडे कोणी पाहिलेही नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना ही परिस्थिती अनोळखी वाटू नये. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत पोथीचा आरंभ आणि शेवट उतरवून घेतात, कारण ग्रंथाची ओळख पटवायला मंगलाचरण आणि पुष्पिका बहुधा पुरतात. पण ओळख पटणे आणि पाठ सिद्ध होणे या दोन गोष्टी आहेत. आदि-अंत जुळणाऱ्या दोन पोथ्यांच्या मधल्या पानांत प्रक्षेप असू शकतात, पाने गळालेली असू शकतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. हा दीर्घ काळ मुख्यतः मधल्या पानांसाठी खर्ची पडला. सूचिकाराचा वेग आणि पाठसंपादकाचा वेग यांची शर्यत लावणे हास्यास्पद ठरेल; कारण दोघेही 'पोथी वाचतात' असे आपण म्हणत असलो, तरी ते निरनिराळे काम करीत असतात.

मधल्या अंकांचेही तेच आहे. डॅलसच्या संख्येतील शंभरावा अंक कोणी गुपचूप बदलला, तर आघाडीचा लघुगणक तोच राहील, शेवटचे ७७१ तेच राहतील आणि दोन्ही टोकांकडून तेच सुरेख नऊ अंकी उत्तर मिळेल. परंतु ती संख्या आता पूर्ण घात उरलेली नसेल. हे फक्त एकाच मार्गाने कळेल : मिळालेल्या मुळाची तेविसावी घात करून सारे २०१ अंक पडताळून पाहणे. त्यासाठी तेवीस गुणाकारांची गरज नाही. वर्ग करीत गेल्यास सात पुरतात. पण ते संपूर्ण करावे लागतात, एकही अंक न गाळता. शोधाचे काम टोकांवर होते, सिद्धतेचे काम मध्यभागी होते.

मनोगणितकारांच्या स्पर्धांचा इतिहास या प्रकाशात पुन्हा वाचावासा वाटतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत डच गणनापटू विम क्लाइन १९५८ पासून नोकरीला होता. पदार्थवैज्ञानिकांना लागणारी आकडेमोड तो करून देई. पुढे संगणक आले आणि त्याचे काम ओसरले. १९७६ साली त्याने तेथेच एका ५०० अंकी संख्येचे त्र्याहत्तरावे मूळ २ मिनिटे ४३ सेकंदांत काढले. आकडा ऐकून छाती दडपते; पण ते मूळ अवघे सात अंकी असते. याउलट २००७ मध्ये फ्रान्सच्या अलेक्सी लमेर याने २०० अंकी संख्येचे तेरावे मूळ सुमारे ७० सेकंदांत काढले, तेव्हा उत्तर सोळा अंकी होते. कितवे मूळ, यावरून काम जड वाटते. खरा भार उत्तरातील अंकांचा असतो. गंमत अशी, की क्लाइनची ५०० अंकी संख्या डबलमध्ये मावतच नाही, कारण त्याची मर्यादा ३०९ अंकांवर संपते. लमेरची संख्या मावते, पण १/१३ हा घातांक देऊन सरळ मूळ विचारले तर सोळा अंकांपैकी अखेरच्या अंकांचा भरवसा देता येत नाही, कारण १/१३ ही संख्याच यंत्रात आसन्न असते. डॅलसचे गणित या दोहोंच्या मधोमध, फ्लोटिंग-पॉइंटला सुखाने पेलणारे.

मग वेळेचे काय? आजच्या साध्या संगणकावर फ्लोटिंग-पॉइंट वर्गमुळाला सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजण्याइतका वेळ लागतो आणि संख्या दोन अंकी असो की दोनशे अंकी, तो जवळजवळ स्थिर राहतो. जे वाचले जात नाही, त्याला वेळ लागत नाही. निःशेष मुळाचा वेळ मात्र अंकांबरोबर वाढतो. शालेय रीतीत अंक दुप्पट झाले की श्रम चौपट होतात. गुणाकाराचे श्रम याहून कमी करता येणार नाहीत, असा कोल्मोगोरोव यांचा तर्क होता. १९६० साली मॉस्कोत तेवीस वर्षांच्या कारात्सुबाने तो खोटा ठरवला. अंक दुप्पट झाले तर त्याच्या रीतीत श्रम साधारण तिप्पटच होतात. १९९९ मध्ये पॉल झिमरमान यांनी हीच युक्ती वर्गमुळाला लावली. न्यूटनच्या पद्धतीत दर फेरीला बरोबर अंकांची संख्या दुप्पट होते. म्हणून आरंभीच्या फेऱ्या थोड्या अंकांवर उरकून फक्त अखेरची फेरी पूर्ण लांबीवर केली तर पुरते. म्हणजे आजची उत्तम निःशेष रीत आसन्न मार्गानेच चालते आणि शेवटी बाकी तपासून निःशेष होते. दोन परंपरांचा हा समेट फार उशिरा सर्वांच्या हाती आला. जावा भाषेत मोठ्या पूर्णांकांच्या वर्गमुळाची सोय २०१७ साली आली, पायथॉनमध्ये २०१९ साली. तोवर अनेक आज्ञावलीकार फ्लोटिंग-पॉइंट मूळ काढून त्याचा पूर्णांक भाग घेत आणि लहान संख्यांवर उत्तर बरोबर आले, म्हणून निश्चिंत राहत.

हा केवळ गणितज्ञांचा काटेकोरपणा आहे, असे कोणी म्हणेल. १९७७ सालीच, डॅलसच्या प्रयोगाच्या वर्षी, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी 'आरएसए' ही गुप्तलेखनपद्धती मांडली. तीत मजकुराचे एका प्रचंड संख्येत रूपांतर करतात, तिची ठरावीक घात करतात आणि एका त्याहून मोठ्या संख्येने भागून उरलेली बाकी पाठवतात. घातांक ३ असेल, मजकूर आखूड असेल आणि त्यात यादृच्छिक भर घातलेली नसेल, तर त्याचा घन भाजकापेक्षा लहानच राहतो. भागाकार होतच नाही. पाठवलेला गुप्तलेख म्हणजे उघडावाघडा पूर्ण घन. ज्याला निःशेष घनमूळ काढता येते, त्याला किल्लीवाचून सारा मजकूर वाचता येतो, आणि तोही डोळ्याचे पाते लवण्याआधी. पण तेथे आसन्न घनमूळ काढले तर? ५३ बिटांत रोमन लिपीतील सहा अक्षरे मावतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला प्रचलित यूटीएफ-८ संकेतात २४ बिट लागतात. म्हणजे आपल्या भाषेतील पत्राची जेमतेम दोन चिन्हे हाती येतील आणि पुढे निरर्थक कचरा. मुळाचे पहिले सोळा अंक बरोबर असणे ही अभियंत्याच्या दृष्टीने कमालीची अचूकता. पत्र वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती जवळजवळ निरक्षरता.

तेव्हा अचूकता ही संख्येच्या अंगी नसते. ती प्रश्नाच्या अंगी असते. पुलाच्या तुळईची लांबी विचारली जात असेल तर आसन्न उत्तर पुरेसे आहे, आणि निःशेषाचा आग्रह धरणे हे काळाचे अपव्यय करणे आहे. पण 'ही संख्या पूर्ण घात आहे काय?' असा प्रश्न असेल तर निकटता कितीही वाढवली तरी उत्तराकडे एक पाऊलही पडत नाही. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची जी प्रसिद्ध रीत दिली, तिची पहिली पायरी नेमका हाच प्रश्न विचारते. तेथे 'बहुधा नाही' हे उत्तर चालत नाही.

यामुळे शकुंतलादेवींचे कर्तृत्व उणावते काय? तसे मानण्याचे कारण नाही. आघाडीचे अंक, शेवटचे अंक आणि त्यांमधला दुवा हे सारे कागदाविना पन्नास सेकंदांत मनात पेलणे ही असामान्य गोष्टच आहे. प्रश्न आपल्या वाचनाचा आहे. ती संख्या पूर्ण घात आहे, अशी हमी फळ्यावर ती मांडली जाण्यापूर्वीच दिलेली होती. २०१ अंकी संख्यांमध्ये पूर्ण तेविसाव्या घाती अवघ्या ५ कोटी २२ लाखांच्या आसपास आहेत. बाकीचा अफाट समुद्र त्या हमीनेच आटवला होता. कोणीतरी आधी ती घात पूर्ण केली होती, प्रत्येक अंक लिहिला होता. टाळ्या पडल्या त्या मूळ शोधणाऱ्यास, आणि त्या रास्तच होत्या. मधल्या १९० अंकांची साक्ष मात्र आधीच कोणी नोंदवून ठेवली होती, आणि तिला किती वेळ लागला हे सांगायला तेथे घड्याळ लावलेले नव्हते.